वहिनीचा उजवा हात

आमच्या वहिनीचं काम नेमकं काय, हे घरात बरीच वर्षं कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं की दादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणायचा, "कॉम्प्युटरवर असते." आई म्हणायची, "लोकांच्या भाषणांना चित्रं लावून देते." मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते, दादा लिफ्ट दुरुस्त करतो. आमची कामं दोन शब्दांत संपतात. वहिनीचं तसं नव्हतं. एखादा डॉक्टर परिषदेत बोलायला उभा राहतो, एखादी कंपनी नवं यंत्र खपवायला बघते, एखादी बाई तिच्या शाळेसाठी मदत मागायला जाते. त्यांच्या मागच्या पडद्यावर एकामागून एक ज्या स्लाइड येतात, त्या वहिनी बनवायची. टाळ्या बोलणाऱ्याला पडायच्या आणि वहिनीला त्याचं काही वाटायचं नाही.

"लोक जर म्हणाले, काय छान स्लाइड होत्या, तर माझं काम फसलं," ती म्हणायची. "त्यांनी म्हणायला पाहिजे, काय छान समजावून सांगितलं."

लग्नाआधी ती एका छापखान्यात जाहिराती जुळवायची. छापखाना बंद पडला तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर तिने निरोपाची भेट म्हणून मागून घेतला आणि तो घेऊनच आमच्या घरात आली. तो कॉम्प्युटर पुढे बंद पडला, पण त्याचा स्क्रीन तिने ठेवला. फिकट, रंग उडालेला, एका कडेला पिवळट पडलेला. नवा लॅपटॉप घेतला तरी हा शेजारी असायचाच. काम झालं की ती स्लाइड त्या जुन्या स्क्रीनवर टाकून बघायची. मी एकदा म्हटलं, "अगं, हे भंगार टाकून दे की." तर म्हणाली, "हॉलमधले प्रोजेक्टर याच्यापेक्षाही वाईट असतात. इथे वाचता आलं तर कुठेही वाचता येईल." मग ती उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायची आणि तिथून डोळे बारीक करून वाचायची. तिथून जे दिसलं नाही ते ती परत येऊन मोठं करायची किंवा काढूनच टाकायची. बहुतेक वेळा काढूनच टाकायची.

हे सगळं ती करायची कुठे, तर बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. लॅपटॉप मांडीवर, माउस दिवाणाच्या कठड्यावर, पाठीचं धनुष्य झालेलं. तिला टेबल घ्यायचं होतं, पण आज घेऊ, उद्या घेऊ करता करता ते राहून गेलं. कामं मात्र येत राहिली. गिऱ्हाइकं शेवटच्या क्षणी बदल सांगायची. फरशांचा एक व्यापारी तर इतका चंचल होता, की त्याच्या फाइलींची नावं 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरंच फायनल' आणि 'देवाशपथ फायनल' अशी होत गेली.

दुखणं कधी सुरू झालं ते तिलाही सांगता येणार नाही. मला कळलं ते मलमावरून. ती माझ्याकडे दुकानातून दुखण्याच्या मलमाची ट्यूब मागायची. आधी अधूनमधून, मग वरचेवर. मी विचारलं, "कुणासाठी गं?" तर म्हणे, "अंगठा जरा भरून येतो." मी डॉक्टरांकडे जा म्हणून मागे लागले, तिने कानाडोळा केला. हातातलं काम संपू दे, एवढंच तिचं उत्तर. पण हातातलं काम कधी संपत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पुढे बोटांना मुंग्या यायला लागल्या. सकाळी उठल्यावर ती हात झटकत बसायची, जणू बोटांना चिकटलेलं काहीतरी निघतच नाहीये. एकदा आईला चहा देताना कप तिच्या हातातून सुटला. फुटलेल्या कपाकडे न बघता ती स्वतःच्या हाताकडेच बघत राहिली. आईने तुकडे गोळा केले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आज हिला घेऊन जा. कामधाम मी बघते काय ते."

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने मनगट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं, की मनगटातली नस दबली आहे. हाताला पट्टा बांधायचा, उजव्या हाताने माउसला शिवायचंही नाही, आणि एवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन. वहिनीने विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "हात सांगेल."

परतताना ती जिन्यात थांबून म्हणाली, "मी कामातून गेले असं वाटतंय. सगळं या हातातच होतं गं." तिला काय म्हणायचं ते मला कळलं. एखादी रेघ जागेवर बसली की नाही हे तिच्या डोळ्याला कळायचं आणि हात ती रेघ केसभर सरकवायचा. त्या दोघांच्या मधे तिला कधी विचार करावा लागला नव्हता.

त्यातच एक काम तिने आधीच हातात घेतलेलं होतं.

ते होतं एका बसचालकाचं. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायला लागलो. बाकीच्या चालकांनी त्यांना पुढे केलं होतं, कारण त्यांची नोकरी सगळ्यांत जास्त झाली होती. रेल्वेच्या पुलाखाली रस्ता वळतो, आणि वळण संपतं तिथेच बसथांबा आहे. पुलाचा एक जाडजूड खांब बरोबर मधे येतो. चालकाला थांब्यावर उभी असलेली माणसं अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, आणि सकाळी तिथे शाळेची मुलं असतात. चालकांनी अर्ज करून पाहिले होते. अर्जांची पोच मिळाली, थांबा तिथेच राहिला. आता नगरपालिकेच्या समितीने बोलावलं होतं, येऊन सांगा म्हणून. काका आयुष्यात कधी चार माणसांपुढे उभे राहून बोलले नव्हते.

ते आले तेव्हा वहिनीच्या हाताला नुकताच पट्टा बांधला होता. ते दिवाणाच्या टोकावर अंग चोरून बसले. खिशातून त्यांनी गच्च लिहिलेली पानं काढली.

"ताई, हे सगळं पडद्यावर आलं पाहिजे."

वहिनीने पानं बाजूला ठेवली. "काका, आधी एक सांगा. ती माणसं हॉलमधून बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट राहणार असेल, तर कोणती राहावी?"

काकांनी बाजूला ठेवलेल्या पानांकडे पाहिलं. "की मला मुलं दिसत नाहीत," ते म्हणाले. "गाडी वळवताना माझा पाय आपोआप ब्रेकवर येतो. रोज येतो. एवढी वर्षं झाली तरी सवय झाली नाही."

मग त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. ते एकदम उठले. "अहो, तुम्हालाच बरं नाहीये. मी दुसरं कुणीतरी बघतो, काळजी करू नका."

वहिनी हो म्हणणारच होती. तिचं तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात आतून आई हात पुसत बाहेर आली.

"बसा हो," ती काकांना म्हणाली. "आणि तू गं, काम परत पाठवू नकोस. डोळे तुझे आहेत ना? हात माझे घे."

आई एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. उभा जन्म तिने लोकांची पत्रं, निकाल, नोटिसा टाइप करण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर बोटं शिवशिवतात म्हणून ती टीव्ही बघताना गुडघ्यावर टाइप करायची. पण कॉम्प्युटरला तिने कधी हात लावला नव्हता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले.

पहिला दिवस म्हणजे निव्वळ तमाशा होता. वहिनी शेजारी बसून सांगायची, आई माउस धरायची.

"आई, डावीकडे. अजून डावीकडे. थोडं... नाही, फार झालं. उजवीकडे."

"डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?"

"आपल्या दोघींच्याही डावीकडे!"

"मग तसं सांग ना. आणि हा उंदीर कठड्यावरून पळतोय, त्याला मी काय करू?"

दादा दारात उभा राहून हसत होता. आईने त्याला हाकलून लावलं. तासाभराने दोघींनीही हात टेकले. एक चौकोन मधोमध बसवायचा होता, तो काही केल्या बसेना. आईने माउस बाजूला सारला.

"हे असं चाचपडत काम करता तुम्ही? आमच्या मशीनवर एकदा खुणा लावल्या की कागद त्याच जागी थांबायचा. डोळे मिटले तरी. याला शब्दात सांगायची काही सोय नाही का?"

वहिनीने वरच्या मेनूकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आहे. आहे की, आई. मीच कधी वापरत नाही."

त्या दिवशी पुढे त्यांनी स्लाइडला हातच लावला नाही. वहिनी डाव्या हाताने, एका एका बोटाने, आपला कॉम्प्युटर नव्याने मांडत बसली. कुठलीही गोष्ट वरून किती अंतरावर आणि डावीकडून किती अंतरावर ठेवायची, ते आकडा टाइप करून सांगता येतं. ती चौकट तिने कायमची उघडी करून ठेवली. मधोमध आणणं, एका ओळीत लावणं, सारखं अंतर पाडणं, ही बटणं मेनूत चार पायऱ्या खाली दडलेली होती. ती तिने वर ओळीने आणून मांडली. बाणाच्या कळांनी वस्तू कशी सरकते, कंट्रोल दाबून बाण मारला तर केसभरच कशी सरकते, कंट्रोल आणि डी दाबलं की आहे त्याची नक्कल कशी निघते, हे तिने आईला दाखवलं. स्लाइडवरच्या प्रत्येक वस्तूला नाव देता येतं, हेही ती बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा वापरत होती. त्यामुळे "तो तिकडचा, त्याच्या खालचा" असं म्हणायची वेळ येईना. नुसतं "खांब" म्हटलं की आई यादीतून खांब निवडायची.

"हे एवढं सगळं याच्यात होतं?" आईने विचारलं.

"होतं. मला हाताने पटकन जमायचं ना, म्हणून कधी शोधलं नाही."

आईने मग आपली अट घातली. दिवाणावर बसून काम करणार नाही. जेवणाचं टेबल खिडकीशी आडवं लागलं, स्क्रीनखाली जाड पुस्तकं आली, वरची कडा डोळ्यांच्या रेषेत. पायांखाली पाट. कीबोर्ड पोटाशी, कोपर काटकोनात. "मनगट वाकवून टाइप केलं की आमची हेडबाई पट्टी मारायची," आई म्हणाली. "तेव्हा राग यायचा. पण माझी बोटं बघ, अजून चालतात." असं म्हणून तिने वहिनीलाही ताठ बसवलं, आणि ती जरा वाकली की पाठीवर थाप पडायची.

फोटो काढायला आम्ही एका सुट्टीच्या दिवशी गेलो. काकांनी डेपोची परवानगी काढून बस आणली, वळणावर जिथून अडचण सुरू होते तिथे उभी केली. काही चालकांनी आपली मुलं दप्तरांसकट आणली होती. ती थांब्यावर उभी राहिली. मी चालकाच्या आसनावर बसून कॅमेरा काकांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. समोर रस्ता, खांब, दिव्याचा खांब, फूटपाथ. मुलं कुठेच नाहीत. मला वाटलं ती अजून थांब्यावर पोचली नाहीत. मी हाक मारली तर खांबामागून सगळी एकदम ओरडली, "इथेच आहोत!"

दुसरा फोटो कॅमेरा थोडा बाजूला आणि पुढे नेऊन काढला, जिथून खांब आड येत नाही. वहिनीचा बेत साधा होता. पहिल्या स्लाइडवर चालकाला दिसतं ते. पुढचं बटण दाबलं की फक्त खांब काचेसारखा पारदर्शक होईल आणि मागे मुलं दिसतील. बाकी चित्र तसूभरही हलणार नाही.

"हललं तर?" मी विचारलं.

"तर लोकांचं लक्ष हलण्याकडे जाईल. मुलांकडे जाणार नाही."

ते जुळवायला आईला आणि तिला बरेच दिवस लागले. मुलं दुसऱ्या फोटोतून कापून घ्यायची, योग्य आकाराची करायची, खांबामागे बरोबर जागी उभी करायची. फूटपाथची कड सलग दिसली पाहिजे. रस्त्यावरचा पांढरा पट्टा तुटता कामा नये. आई बाण मारायची, वहिनी बघायची. "वर एकदा. परत एकदा. बास." संध्याकाळी मी दुकानातून आले की खोलीत एवढंच ऐकू यायचं, आणि मधेच आईचं, "माझ्या मते तो लाल दप्तरवाला अजून हवेतच आहे." आणि तो खरंच हवेत असायचा.

मग एकदा घोटाळा झाला. वहिनी आंघोळीला गेली होती. आईला वाटलं, तेवढ्यात जरा आवरून ठेवावं. तिने काहीतरी निवडलं, काहीतरी दाबलं, आणि खांब, मुलं, दप्तरं, सगळं गेलं. नुसता रिकामा रस्ता उरला. मी बाहेर आले तर आई हात मांडीवर ठेवून बसलेली. चेहरा पांढराफटक.

"मी पोरीचं काम बुडवलं," ती म्हणाली. "कशाला मधे पडले मी?"

टायपिंगच्या काळात एक अक्षर चुकलं की पान गेलं, आणि कार्बन लावलेले असतील तर त्याखालची पानंही गेली. ती भीती तिच्या बोटांत अजून होती. वहिनी ओल्या केसांनीच बाहेर आली, स्क्रीनकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने दोन कळा दाबल्या. मुलं परत आली. अजून एकदा दाबल्या. खांब आला.

आई स्क्रीनच्या जवळ सरकली.

"म्हणजे चूक केली, तरी ती केलीच नाही असं होतं?"

"फाइल उघडी असेपर्यंत होतं. म्हणून तर रोज मी वेगळ्या नावाने एक प्रत ठेवते, तारीख घालून. ही गेली असती तर कालची होती."

"कंट्रोल आणि झेड," आईने पुटपुटत पाठ केलं. मग तिने मुद्दाम मुलं पुसली आणि परत आणली. पुसली, आणली. "काय सांगू तुला," ती म्हणाली, "हे आमच्या वेळी असतं, तर मी किती संध्याकाळी घरी लवकर आले असते."

वहिनी हसली. पट्टा बांधल्यापासून मी तिला पहिल्यांदाच मोकळं हसताना पाहिलं.

काकांच्या पानांवरून मात्र थोडी खडाखडी झाली. ते तालमीला आले आणि पडद्यावर मोजकेच शब्द पाहून नाराज झाले.

"ताई, मी एवढं मनापासून लिहिलं होतं."

"ते सगळं आहे काका. हे बघा." तिने दाखवलं. स्लाइडखाली टिपणांची जागा असते, बोलणाऱ्याच्या समोरच्या लॅपटॉपवर ती दिसते, मागच्या पडद्यावर दिसत नाही. काकांचा मजकूर तिथे छोट्या छोट्या वाक्यांत घातला होता, आणि त्यांना चष्मा लागतो म्हणून अक्षर ढब्बू केलं होतं. "लोक एका वेळी वाचतात तरी किंवा ऐकतात तरी. त्यांनी तुमचं ऐकावं असं मला वाटतं."

काका विरघळले. पण उभे राहून बोलायला लागले की ते टिपणं भराभर वाचून काढायचे. आईने त्यांना समोर बसवून सांगितलं, "भाषण करू नका. मला सांगताय असं समजून सांगा. मी त्या थांब्यावरून बस धरते."

ठरलेल्या दुपारी आम्ही तिघी काकांबरोबर गेलो. वहिनीच्या पिशवीत तिचा लॅपटॉप, चार्जर, प्रोजेक्टरला जोडायच्या दोन तऱ्हेच्या केबल, दोन वेगवेगळे पेनड्राइव्ह, आणि त्यांत फाइलची एक पीडीएफही. अक्षरांचे फॉन्ट तिने फाइलमध्येच बसवून ठेवले होते. "दुसऱ्याच्या मशीनवर फॉन्ट नसला की ओळी कुठल्या कुठे जातात," ती म्हणाली. हॉलमध्ये गेल्यावर तिथला माणूस म्हणाला, बाहेरचा लॅपटॉप चालणार नाही, आमच्याच कॉम्प्युटरवर लावा. तो कॉम्प्युटर म्हातारा होता. वहिनीने हुज्जत घातली नाही, पेनड्राइव्ह दिला. फाइल उघडली, अक्षरं जागेवर होती. पण टिपणं काही वेगळी दिसेनात. तिथे एकच स्क्रीन चालत होता. काकांचा सगळा मजकूर गेला.

त्यात भर म्हणजे खिडक्यांना पडदे नव्हते. उन्हाने पडद्यावरचे रंग पार धुऊन टाकले. आमच्याआधी ज्यांचं सादरीकरण होतं त्यांच्या आलेखातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वहिनी ओठ दाबून बसली होती. आमच्या स्लाइड लागल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. फिकट झाल्या, पण दिसत होत्या. घरच्या त्या जुन्या स्क्रीनवर दिसायच्या तशाच.

काका उभे राहिले. त्यांनी समोर पाहिलं, तिथे टिपणं नव्हती. त्यांनी घाईने बटणाकडे हात नेला. बटण दोनदा दाबलं गेलं. खांब, मुलं आणि लगेच शेवटची स्लाइड. त्यांनी घाबरून मागचं बटण दाबलं. मुलं आली. अजून मागे. मुलं गेली, नुसता खांब. परत पुढे, मुलं आली. परत मागे, गेली.

"थांबा," समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या. पोक्त बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. "ते परत करा."

काकांनी केलं.

"आणि मागे."

मुलं नाहीशी झाली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"ही मुलं आधीच्या फोटोच्या वेळी तिथेच होती का?" त्यांनी विचारलं.

"तिथेच होती, बाई," काका म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी घरातल्यासारखा होता. "रोज तिथेच असतात. मी वळतो तेव्हा मला ती दिसत नाहीत. मला फक्त माहीत असतं की ती आहेत. एवढ्यावरच मी गाडी चालवतो."

पुढचं काही त्यांना फारसं बोलावं लागलं नाही. समितीतल्या एकाने विचारलं, की फोटोत काही फेरफार तर नाही ना? वहिनी उठून उभी राहिली आणि तिने सरळ सांगितलं, की मुलं दुसऱ्या फोटोतून घेऊन बसवली आहेत, कशी बसवली तेही सांगितलं, आणि दोन्ही मूळ फोटो दाखवले. तो माणूस म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." अध्यक्षा म्हणाल्या, की कागदावर ठरवण्याआधी आम्ही स्वतः येऊन त्या आसनावर बसून बघू.

आणि त्या खरंच आल्या. सकाळच्या फेरीला, काकांच्या बसमध्ये. पुढच्या काही महिन्यांत थांबा वळणापासून पुढे सरकला. सगळे खूश झाले असं नाही. जुन्या थांब्याजवळच्या दुकानदाराने काकांशी बोलणं सोडलं. म्हाताऱ्या बाया आता जास्त चालावं लागतं म्हणून बसमध्ये चढताना रोज त्यांना चार शब्द सुनावतात. काका ऐकून घेतात. आईही सुनावणाऱ्यांत असते.

वहिनीच्या हाताचं शेवटी ऑपरेशन करावं लागलं. दुखणं गेलं, मुंग्या गेल्या. तर्जनीच्या टोकाला मात्र अजून नीट कळत नाही. सुई टोचली तरी तिला उशिरा समजतं. माउस तिने कायमचा डाव्या हाताला घेतला, त्याची बटणं उलटी करून. सुरुवातीला ती चिडायची, रडायचीही. एकदा मला म्हणाली, "कामावरची माझी सही बदलली गं." आता अंगवळणी पडलंय. पूर्वीसारखी झरझर ती काम करत नाही. कामंही मोजकीच घेते, फरशांच्या व्यापाऱ्याला तर तिने स्पष्ट सांगितलं, की दोनदा बदल फुकट, तिसऱ्यांदा दुसरीकडे जा. तो अजून येतो. हल्ली दोन मुली तिच्याकडे शिकायला येतात. पहिले काही दिवस ती त्यांना नुसतं बसायला शिकवते. खुर्ची, मनगट, स्क्रीनची उंची. त्या मनातल्या मनात कंटाळतात, पण आई मागे उभी असते.

आई भागीदारच झाली आहे. मजकूर टाइप करणं आणि सगळं ओळीत लावणं तिच्याकडे. वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तशी वहिनीने स्क्रीनवरचा बाण तिच्यासाठी मोठा आणि काळा करून दिला, मेनूतली अक्षरं वाढवली. रंग निवडायचं कामही आईने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. गेल्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती टेबलाशी जाऊन बसली आणि आधी केलेलं एक काम उघडून बघितलं. मग ती जोरात ओरडली.

"अगं ए! हे केवढं भडक निळं आहे! मोतीबिंदूतून मला हे हिरवट दिसायचं, मी हिरवट म्हणूनच लावलं होतं."

"हो आई, माहितीये," वहिनी पलीकडून म्हणाली.

"माहितीये? मग मला बोलली का नाहीस?"

"गिऱ्हाइकाला निळंच हवं होतं. तुम्ही चुकत होता ते बरोबर चुकत होता."

आईने तिच्याकडे रागाने पाहिलं, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि गेल्या वर्षभरातलं एकेक काम उघडून कुठे कुठे चुकलंय ते बघायला बसली. वहिनीने उठून तिच्या पायाखालचा पाट सरळ केला आणि दोघींसाठी चहा टाकायला आत गेली.